सभासदांसाठी छापलेला इतिहास

दर वर्षी १९ फेब्रुवारीला राज्यातल्या गावोगावी, तशीच नगर-पाथर्डी रस्त्यावरच्या तिसगावातही शिवजयंती साजरी होते. शाळेतल्या पोरालाही ही तारीख तोंडपाठ असते. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ती कुणालाच ठाऊक नव्हती. तेव्हा महाराजांचा जन्म शके १५४९च्या वैशाखातला, म्हणजे १६२७च्या एप्रिलमधला, असे बखरींच्या आधाराने धरले जाई. आजच्या तारखेचा पुरावा पहिल्यांदा छापून आला तो १९१६ साली, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने आपल्या चौथ्या संमेलनाचे जे वृत्त प्रसिद्ध केले त्यात. एखाद्या नामवंत प्रकाशकाच्या ग्रंथात नव्हे. संमेलनात काय काय वाचले गेले, कोणते कागद पुढे आले, हे सभासदांना कळावे म्हणून काढलेले ते पुस्तक होते.

एकाच व्यवसायातल्या किंवा एकाच ध्यासाच्या माणसांनी संघटना काढायची आणि सभासदांना धरून ठेवण्यासाठी नियमाने काही छापून पाठवायचे, ही रीत जगभर जुनी आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले, तेव्हा त्यातला मोठा भाग ठिकठिकाणच्या अभ्यासकांकडून आलेल्या पत्रांचाच होता. अमेरिकेतल्या इतिहासकारांची संघटना १८८४ सालची. तिचे सभासदांसाठीचे वार्तापत्र १९६२ पासून निघू लागले आणि १९८२ मध्ये त्याला ‘पर्स्पेक्टिव्हज’ हे नाव मिळाले. नोकऱ्यांच्या जाहिराती, अधिवेशनांच्या सूचना, अध्यापनावरची चर्चा असे त्याचे स्वरूप. मराठी मुलखात इतिहासकारांचे असे पत्रक जन्मले तेव्हा इतिहास हा पोटापाण्याचा व्यवसाय असलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. वकील, शाळामास्तर, कारकून, इनामदार, सरदार अशी माणसे फावल्या वेळात जुनी दप्तरे चाळत. त्यांच्या पत्रकात म्हणूनच नोकऱ्यांच्या जाहिराती नव्हत्या. होते ते कागद.

मंडळ स्थापन झाले ७ जुलै १९१० रोजी. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे हे संस्थापक. राजवाड्यांचे नाव तोवर महाराष्ट्रभर झाले होते. वाईला हाती लागलेल्या पत्रांतून त्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तो पानिपताच्या काळाचा. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. हा माणूस गावोगाव पायपीट करी, आपला स्वयंपाक आपण करी आणि कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या देव्हाऱ्यामागे पडलेली बासने सोडवून घेई.

एवढी वणवण का करावी लागली, हे आजच्या वाचकाला चटकन उमजणार नाही. पेशव्यांचे अफाट दप्तर पुण्यातच होते, पण ते इंग्रज सरकारच्या ताब्यात आणि अभ्यासकांना जवळजवळ बंद. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली त्या दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले ते १९३०च्या दशकात. त्याआधीची दोन-तीन तपे इतिहासाचा अभ्यास करायचा तर एकच वाट उरली होती : सरकारचे दार बंद आहे ना, मग देशमुखांचे, कुलकर्ण्यांचे, जोशांचे दार ठोठवा. एकट्यादुकट्याने हे काम उरकण्यासारखे नव्हते. जिल्ह्याजिल्ह्यात माणसे हवी होती, आणि त्या माणसांना आपण पाठवलेला कागद वाया गेला नाही, छापला गेला, त्यावर कुणीतरी बोलले, हे दिसायला हवे होते. मंडळाच्या पत्रकाची गरज या अडचणीतून उभी राहिली.

मंडळाचा शिरस्ता साधा होता. पंधरवड्याला सभा भरे. एखादा सभासद मिळालेले पत्र, ताम्रपट किंवा शिलालेखाचा ठसा घेऊन येई आणि त्यावरचे टिपण वाची. बाकीचे शंका काढत. या सगळ्याची नोंद वर्षअखेरीला ‘वार्षिक इतिवृत्त’ म्हणून छापली जाई. शके १८३२चे, १८३३चे, १८३४चे अशी ती इतिवृत्ते ओळीने निघाली. आज ती हातात घेतली तर कुठे दोन पानांचा निबंध, कुठे नुसता एका महजराचा, म्हणजे गावाच्या साक्षीने झालेल्या निवाडपत्राचा, उतारा, कुठे एखाद्या घराण्याची वंशावळ सापडते. सजावट काही नाही आणि भाषेवर पॉलिशही नाही. पण कागद कुठल्या गावच्या कुणाकडून मिळाला याचा उल्लेख करण्याची शिस्त आहे. पुढच्या पिढ्यांना या उल्लेखाचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. मूळ कागद नंतर वाळवीने खाल्ला, पुरात गेला किंवा भाऊबंदकीत हरवला, तरी त्याचा ठावठिकाणा आणि नक्कल या पानांत राहिली.

असा एक कागद छापण्याजोगा करायला काय काय करावे लागे? पत्र मोडीत असते. लिहिणाऱ्याने आधी पानभर आडवी रेघ ओढलेली असते आणि बोरू फारसा न उचलता अक्षरे त्या रेघेला लटकवत नेलेली असतात. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात. कोणता शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचे. मग येतो काळाचा प्रश्न. पत्रावर ‘सन सलास सबैन अलफ’ असे काहीतरी लिहिलेले असते. सलास म्हणजे तीन, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार. हे झाले शुहूर सन १०७३. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १६७२ येतो. पण शुहूर वर्ष मृग नक्षत्रावर पालटते. म्हणून पत्र जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचे असेल तर ५९९ ऐवजी ६०० मिळवायचे, म्हणजे १६७३. महिना बहुधा मोहरम, सफर असा मुसलमानी असतो आणि त्याच्या आधी ‘छ’ हे अक्षर चंद्रदर्शनापासून मोजलेल्या दिवसाची खूण म्हणून येते. शेवटी ‘मोर्तब सूद’, शिक्का, पाठीमागे दफ्तरी नोंदीचे शेरे. यातले एक गणित चुकले की घटना वर्षभर पुढेमागे सरकते. आणि घटना सरकली की कुणी कुणाला आधी पत्र लिहिले, कोण आधी फितूर झाला, हे सगळेच उलटेपालटे होते. पाक्षिक सभेतला खल चाले तो अशा गोष्टींवर.

महजरांची तर गंमतच वेगळी. गावच्या वतनाचा तंटा मिटला की सगळे गाव त्यावर साक्ष घाली. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याची निशाणी काढत. पाटील नांगर काढी, न्हावी आरसा काढी. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कागदावरचा तो इवलासा नांगर पाहिला की ज्यांचे नाव कुठल्याही बखरीत येणार नाही अशी माणसे क्षणभर समोर उभी राहतात. छापील उताऱ्यात हे चित्र जाते आणि फक्त ‘निशाणी नांगर’ असे शब्द उरतात. म्हणून मूळ कागद सांभाळायचे.

आता १९१६च्या त्या वृत्ताकडे वळू. भोरकडच्या कारी गावचे जेधे हे रोहिडखोऱ्यातले देशमुख घराणे. अफझलखानाच्या स्वारीत शिवाजी महाराजांच्या पाठीशी उभे राहिलेले कान्होजी जेधे याच घराण्यातले. त्यांच्या वंशजांकडे एक शकावली होती. शके १५४० ते १६१९, म्हणजे इसवी सन १६१८ ते १६९७ या जवळजवळ ऐंशी वर्षांतल्या घटना तिथीवार टिपलेली. लिहिणाऱ्याने कुठे पाल्हाळ लावलेला नाही. साल, महिना, तिथी आणि काय घडले ते एखाद्या ओळीत, की लगेच पुढची नोंद. कारीकर जेध्यांकडून ही शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली. टिळकांचा कालगणनेचा व्यासंग दांडगा आणि शिवजन्माच्या तिथीचा प्रश्न त्यांच्या मनात कितीतरी वर्षे घोळत होता. त्यांनी ती मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात छापली. तिच्यात शिवजन्माची नोंद होती : शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरी. हिशेब केला की १९ फेब्रुवारी १६३० येते. ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची. आजच्या पंचांगाने मोजले तर तो दिवस १ मार्चला पडतो.

एका नोंदीने वाद मिटला असे झाले नाही, आणि तसे होऊही नये. बखरींच्या बाजूने बोलणारे जाणते लोक होते. पण शकावलीतल्या इतर तारखा फारसी आणि इंग्रजी साधनांशी ताडून पाहिल्या तेव्हा त्या जुळत गेल्या, आणि तिचे वजन वाढले. जदुनाथ सरकारांसारख्या, मराठी बखरींवर सहसा विश्वास न टाकणाऱ्या इतिहासकारालाही ती विचारात घ्यावी लागली. मग जोधपूरकडच्या एका जुन्या कुंडलीसंग्रहात महाराजांची पत्रिका सापडली. तीही १६३०च्या बाजूची. आणि १९२७ साली सदाशिव महादेव दिवेकर यांनी तंजावरला मिळालेल्या हस्तलिखितावरून ‘शिवभारत’ प्रसिद्ध केले. या संस्कृत काव्यातही तीच तिथी आहे. जेध्यांचे दप्तर मावळातले, पत्रिका राजस्थानातली, पोथी तंजावरची. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणांहून एकच उत्तर आले. राज्य सरकारने पुढे शासकीय जयंतीसाठी १९ फेब्रुवारी ही तारीख मान्य केली. फाल्गुन वद्य तृतीयेला तिथीप्रमाणे जयंती करणारेही आधार घेतात तो याच नोंदीचा.

नगर जिल्ह्यातल्या वाचकाने ‘शिवभारत’ हे नाव नुसते ओलांडून जाऊ नये. ते लिहिणारे कवींद्र परमानंद हे नेवाशाचे, म्हणून नेवासकर. आणि त्या काव्यात शहाजीराजांच्या पराक्रमाचे जे मोठे वर्णन आहे ते भातवडीच्या लढाईचे. भातवडी नगरपासून जवळच, तिसगावाहून नगरकडे निघाले तर एका बाजूला राहणारे गाव. १६२४ साली निजामशाहीच्या मलिक अंबरने तिथे मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. तलावाचा बांध फोडून शत्रूच्या तळात पाणी सोडल्याची हकीकत याच लढाईतली. शहाजीराजांचे धाकटे भाऊ शरीफजी इथेच पडले. पाथर्डी, शेवगाव, नेवासे या भागात वाढलेल्या मुलांना ही लढाई आपल्या उंबऱ्याशी झाली हे सहसा कुणी सांगत नाही. नगरच्या निजामशाहीचा इतिहास आपल्याकडे अजून परक्या राज्याचा म्हणून शिकवला जातो. प्रत्यक्षात भोसले घराण्याची जडणघडण त्याच राज्यात झाली. मंडळाच्या जुन्या पानांतून हे ठायी ठायी दिसते.

१९२० पासून इतिवृत्तांची जागा त्रैमासिकाने घेतली. वर्षातून एकदा निघणाऱ्या वृत्तापेक्षा तीन महिन्यांनी हाती येणारा अंक सभासदांना अधिक जवळचा. लेख, कागद, ग्रंथपरीक्षणे आणि एकमेकांचे दोष दाखवणारी टिपणे असा त्याचा ऐवज. एकाने एका अंकात तारीख काढायची, दुसऱ्याने पुढच्या अंकात ती खोडायची, तिसऱ्याने नवा कागद आणून दोघांनाही विचार करायला लावायचे. महाराष्ट्रात इतिहासलेखनाची शिस्त रुजली ती या धबडग्यात, असे म्हणायला हरकत नाही. विद्यापीठांचे विभाग पुष्कळ नंतर आले.

या कामात ज्यांनी हयात घातली त्यांत दत्तो वामन पोतदार ठळक. मंडळाचा कारभार, सभा, पत्रव्यवहार, देणग्या यांचा भार त्यांनी वर्षानुवर्षे वाहिला. १९३९ साली नगरला मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा त्याचे अध्यक्षही तेच होते. ग. ह. खरे यांनी फारसी शिकून ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ या मालेचे खंड मंडळातर्फे संपादित केले. मराठी कागदात जे अर्धवट कळत होते ते त्यामुळे दुसऱ्या बाजूनेही पाहता आले. वा. सी. बेंद्रे लघुलेखनाची नोकरी सांभाळून कागदांत बुडालेले. साधने तपासायची कशी, यावरचा त्यांचा ‘साधन-चिकित्सा’ हा ग्रंथ १९२८ साली मंडळानेच काढला. संशोधन शिकणाऱ्याने तो आजही वाचावा. यांतल्या एकाचेही काम पगाराच्या हिशेबात बसणारे नव्हते.

मंडळाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, जून १९३५ मध्ये, पुण्यात देशभरच्या इतिहासकारांची परिषद भरली. अलाहाबादचे सर शफाअत अहमद खान तिचे अध्यक्ष होते. त्या परिषदेतून उभी राहिली ती इंडियन हिस्टरी काँग्रेस, भारतातल्या व्यावसायिक इतिहासकारांची आजची सर्वांत मोठी संघटना. तिच्या अधिवेशनांची इतिवृत्ते पुढे देशभरच्या ग्रंथालयांत जाऊ लागली. हौशी सभासदांच्या मंडळाने यजमानपद करावे आणि त्यातून प्राध्यापकांची अखिल भारतीय संघटना जन्मावी, हा प्रवास लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुण्याबाहेरही लोण गेले. राजवाड्यांनी अखेरची वर्षे धुळ्यात काढली आणि ३१ डिसेंबर १९२६ला तिथेच देह ठेवला. त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभे केले, आणि त्या मंडळाने ‘संशोधक’ हे आपले त्रैमासिक काढले.

या परंपरेची मर्यादाही सांगितली पाहिजे. सभासद बहुतांश शिकलेल्या, त्यातही पुण्यातल्या वरच्या जातींतले पुरुष. कागद आले ते ज्यांच्याकडे वतन होते, इनाम होते, वाडा होता त्यांच्या घरून. त्यामुळे देशमुख-देशपांड्यांच्या तंट्यांनी रकानेच्या रकाने भरले. पण धनगरांचे वाडे, भटक्यांचे तांडे, गावकुसाबाहेरची वस्ती, स्त्रियांचे जिणे यांविषयी ही पाने फार कमी बोलतात. जेवढे बोलतात तेवढे न्यायनिवाड्यांत आणि महजरांत, साक्षीदारांच्या त्या निशाण्यांत. जोतीराव फुल्यांनी इतिहास कुणाच्या बाजूने सांगितला जातो हा प्रश्न मंडळाच्या जन्माआधी कितीतरी वर्षे विचारला होता. मंडळाच्या पहिल्या पिढीने त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. छापलेला कागद मात्र कुणा एकाचा राहत नाही. आज जातिव्यवस्थेचा, शेतसाऱ्याचा, दुष्काळाचा अभ्यास करणारे तरुण संशोधक याच इतिवृत्तांतून आपले पुरावे काढतात.

पाथर्डी तालुक्यात तर अशा कामाला अजून भरपूर वाव आहे. तिसगावच्या जवळ मढी आहे. कानिफनाथांच्या त्या यात्रेला कितीतरी भटक्या जमाती पिढ्यान्‌पिढ्या येतात. त्यांचे मानपान, त्यांचे जातपंचायतीचे निवाडे, त्यांच्या तोंडी असलेल्या वंशावळी ही सगळी इतिहासाचीच साधने आहेत. ती नोंदवून ठेवली नाहीत तर पुढच्या पिढीला मिळणार नाहीत. जुन्या घरांतून मोडी कागद अजूनही निघतात. घर पाडताना, वाटण्या होताना ते बहुधा चुलीत किंवा रद्दीत जातात.

ज्यांच्या घरी असे बासन असेल त्यांनी थोडे कष्ट घ्यावेत. कागदांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण त्याने कागद कायमचा बिघडतो. उन्हात वाळत घालू नये. प्रत्येक कागदाचा पुढून-मागून मोबाइलवर स्वच्छ फोटो काढावा, कारण पाठीमागचे शेरे पुढच्या मजकुराइतकेच मोलाचे असतात. कागद कुणाच्या घरातून, कोणत्या बासनातून निघाला हे वहीत लिहून ठेवावे. मग ते फोटो नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात, पुण्याच्या मंडळात किंवा मोडी येणाऱ्या जवळच्या कुणालाही दाखवावेत. मूळ कागद देऊन टाकायलाच हवा असे नाही. वाचून घेतला आणि त्याची नोंद कुठेतरी छापून आली तरी पुष्कळ झाले. मोडी शिकवणारे वर्ग आता ठिकठिकाणी भरतात, आणि मन लावले तर लिपी काही आठवड्यांत वाचता येऊ लागते. गावातल्या एखाद्या शिक्षकाने, एखाद्या पदवीधर मुलीने ती शिकून घ्यावी आणि माळ्यावरचे बासन खाली काढावे.